दुर्बिणीतला शनी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळाच्या सहलीची हकीकत कोणीतरी सांगावी, असा आपला रिवाज आहे. एरवी हे काम सोपे असते. देवदर्शन झाले, प्रसाद मिळाला, वाटेत गाडीचे चाक बसले, आणि घरी परतेपर्यंत सगळ्यांची गाणी म्हणून झाली. एवढे सांगितले की टाळ्या पडतात. यंदाची सहल मात्र थोडी निराळी होती. आपल्यापैकी चौदा जणी २९ नोव्हेंबर २०२५ रोजी पुण्याला गेल्या आणि तिथे दुर्बिणीतून रात्रीचे आकाश पाहून आल्या. आल्यापासून गिरणीवर आणि कांद्याच्या चाळीत आम्हांला एकच प्रश्न विचारला जातो. “काय हो, एवढ्या लांब जाऊन पाहिले तरी काय? चांदण्या तर आपल्या अंगणातूनही दिसतात!” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा आज माझा विचार आहे.

आपण शेतकऱ्यांच्या घरच्या बायका. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा ही नावे आपल्याला कोणी शिकवावी लागत नाहीत. यंदा कोणत्या नक्षत्राला कोणते वाहन आहे, उंदीर की म्हैस, हे पंचांग हाती पडताच पहिल्यांदा आपल्या सासूबाई विचारतात. पण मृग नक्षत्र आकाशात कोणते ते बोट करून दाखवा, असे कोणी म्हटले तर आपल्यातल्या किती जणी दाखवतील? जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग ‘लागतो’, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो. त्या दिवसांत ते नक्षत्र सूर्याबरोबर उगवते आणि सूर्याबरोबर मावळते. त्यामुळे पावसाच्या मृगाचे दर्शन कधीच होत नाही. ते पाहायचे तर मार्गशीर्ष-पौषात पाहावे. थंडीच्या दिवसांत जेवणे आटोपण्याच्या सुमारास ते पूर्वेला वर आलेले असते. पावसाळ्यात आपण ज्याची वाट पाहतो, ते हिवाळ्यात रोज रात्री आपल्या घरावरून जाते आणि आपण दारे लावून निजलेल्या असतो. सासरच्या सगळ्या माणसांची नावे पाठ, पण तोंड एकाचेही पाहिलेले नाही, अशी ही गत आहे.

आपल्या आज्यांची गत अशी नव्हती. जात्यावर बसायची वेळ त्या पहाटेच्या चांदण्यांवरून ठरवीत. सप्तर्षींना त्या म्हातारीची बाज म्हणत आणि मागच्या तीन ताऱ्यांना बाज चोरायला आलेले चोर. मृगातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांवरून रात्र किती उरली आहे ते त्यांना कळे. घरात घड्याळ आले, वीज आली, पिठाची गिरणी आली. हे सगळे चांगलेच झाले. मात्र त्याबरोबर आकाशाची ओळख आपल्या हातून सुटली, आणि आकाशाची भीती तेवढी मागे राहिली. ग्रहणात सुरी धरू नये, मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे, यजमानांना साडेसाती आहे, एवढ्यापुरतेच आता आपले आकाशाशी नाते उरले आहे. ते नाते थोडे निराळे व्हावे म्हणून ही सहल काढली होती.

सहल ठरली तेव्हा अडचणी पुष्कळ आल्या. देवाला जायचे म्हटले की घरातून नाही म्हणत नाहीत. आकाश पाहायला जायचे, तेही रात्री, आणि मुक्कामाला राहायचे, म्हटल्यावर प्रत्येकीच्या घरी प्रश्न निघाले. एका घरी तर “दिवसा नाही का दाखवत?” असेही विचारले गेले! शेवटी एका सासूबाईंनीच हा गुंता सोडविला. “सुनेबरोबर मीही येते, मग तर झाले?” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून आणखी तीन सासवा तयार झाल्या. त्या दिवशी शनिवार होता आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार दोनच दिवसांपूर्वी झाला होता. शनिवारी आपल्या फाट्यावर शिंगणापूरला जाणाऱ्यांची केवढी गर्दी असते ते आपण जाणताच. सगळ्या गाड्या शनीच्या दर्शनाला तिकडे वळत होत्या आणि आमची गाडी शनी पाहायलाच नगरच्या दिशेने निघाली होती. याचे आम्हांला वाटेत पुष्कळ हसू आले.

पुण्याला ही विद्या नवी नाही. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ पासून एक वेधशाळा चालत असे. भावनगरच्या महाराजांनी पैसा दिला म्हणून तिला महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा असे नाव होते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक ती चालवीत. वीस इंची आरशाची मोठी दुर्बीण तिथे होती. ते निवृत्त झाले तेव्हा, १९१२ मध्ये, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. ती विद्वानांची वेधशाळा होती. तुमच्याआमच्यासारख्यांना आकाश दाखवावे म्हणून पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही आपल्या देशातली सर्वांत जुनी संस्था समजली जाते. टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात तिचे कार्यालय आहे. नोकरीधंदा सांभाळून मंडळी तिथे येतात आणि लोकांना तारे दाखवितात. मुंबईला वरळीत १९७७ मध्ये नेहरू तारांगण सुरू झाले. पुण्यालाच १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने ‘आयुका’ ही संशोधनसंस्था उभी राहिली. आणि एक गंमत सांगते. आंबेगाव तालुक्याचे ठिकाण असलेले पुणे जिल्ह्यातले घोडेगाव आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या नावाची आलेली पत्रे आणि पाहुणे कधी कधी आपल्याकडे येतात. त्या घोडेगावच्या बाजूला गिरवलीच्या डोंगरावर आयुकाची दोन मीटर रुंद आरशाची दुर्बीण आहे. २००६ पासून ती तिथे काम करते. म्हणजे एका घोडेगावाच्या माथ्यावर मोठी दुर्बीण आहेच. या घोडेगावाने निदान छोट्या दुर्बिणीची हौस धरायला काय हरकत आहे?

आता त्या संध्याकाळविषयी. आकाश दाखविण्याची जागा म्हणजे एक उघडी गच्ची होती. मोठा घुमट, मोठी यंत्रे असे काही नव्हते. उंच डब्यासारखी एक नळी, तिच्या तळाशी आठ इंची आरसा, आणि डोळा लावायची जागा वरच्या बाजूला. तिथपर्यंत पोचायला एक लहानशी शिडी होती. आमच्यातल्या दोन आजींनी नऊवारीचा ओचा खोचून ती शिडी अशी झटक्यात चढली, की दाखविणारी मुले पाहतच राहिली. त्या मुलांनी पहिल्यांदा आम्हांला दुर्बिणीकडे येऊच दिले नाही. हातातले फोन बंद करा, दिवा लावू नका आणि वीस मिनिटे नुसते वर बघा, असे त्यांनी सांगितले. अंधाराला डोळा सरावायला तेवढा वेळ लागतो. त्यांच्या हातात लाल कागद लावलेला एक दिवा होता. लाल उजेडाने सरावलेला डोळा बिघडत नाही. आम्ही पदर गुंडाळून उभ्या राहिलो. पहिल्यांदा दहा-बारा तारे दिसत होते, ते हळूहळू वाढत गेले. तरी पुण्याच्या दिव्यांनी आणि वर आलेल्या चंद्राने आकाश पुष्कळ धुऊन टाकले होते. “आमच्याकडे यापेक्षा जास्त दिसतात,” असे आमच्यातली एक जण म्हणाली. तेव्हा तो मुलगा काय म्हणाला ऐका. “मावशी, दुर्बीण आमच्याकडे आहे, पण आकाश तुमच्याकडे आहे.” हे वाक्य मी गाठीला बांधून आणले आहे. त्याच्याकडे शेवटी पुन्हा येईन.

दुर्बीण काय करते, तेही त्या मुलाने सोप्या रीतीने समजावले. मी ते आपल्या भाषेत सांगते. पावसात पागोळीखाली वाटी ठेवली तर वाटीभर पाणी साठते, आणि हंडा ठेवला तर हंडाभर. पाऊस तोच, फरक भांड्याच्या तोंडाचा. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते. आठ इंची आरसा म्हणजे दोनशे मिलिमीटर. हिशेब केला तर असा आरसा आपल्या डोळ्याच्या सुमारे आठशे पट उजेड गोळा करतो. तो सारा उजेड आटवून एका थेंबाएवढ्या जागी आणायचा आणि भिंगातून डोळ्यात सोडायचा, एवढेच दुर्बिणीचे काम. यात मंत्रतंत्र काही नाही.

प्रथम चंद्र दाखविला. मार्गशीर्ष शुद्ध नवमीचा चंद्र होता. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो. अर्ध्याहून थोडा मोठा असला म्हणजे उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर त्याचे डोंगर आणि खळगे उठून दिसतात, कारण तिथे सूर्य नुकताच उगवत असतो आणि सावल्या लांब पडतात. सकाळच्या उन्हात नांगरलेले रान जसे ढेकळन् ढेकूळ दिसते, तसा तो दिसला. टायको नावाचे एक विवर आम्हांला दाखविले. ते सुमारे पंच्याऐंशी किलोमीटर रुंद आहे, म्हणजे इथून निघून जवळजवळ संभाजीनगर गाठावे एवढे. ते दुर्बिणीत वाटाण्याएवढे दिसते. एका आजींचा मोतीबिंदू काढलेला डोळा. त्यांना नीट दिसेल की नाही अशी आम्हांला शंका होती. त्यांनी चष्मा काढला, मुलाने एक चाकी फिरवून नजर जुळवून दिली, आणि आजी बराच वेळ काही बोलेनातच. मग म्हणाल्या, “अगं, हा तर चुलीवर फुगलेल्या भाकरीसारखा आहे, फोड न् फोड दिसतोय!” इतकी चांगली उपमा त्या रात्री दुसऱ्या कोणाला सुचली नाही.

त्यानंतर शनी. त्या रात्री तो चंद्राच्या जवळच होता, त्यामुळे शोधावा लागला नाही. नुसत्या डोळ्यांना तो मंद पिवळसर, न लुकलुकणारा तारा दिसतो. आम्ही सगळ्यांनी शनीची चित्रे पाहिलेली होती. मधे गोळा आणि भोवती रुंद कडी. तेच दिसणार म्हणून रांगेत ढकलाढकली झाली. पहिली डोळा लावून उतरली आणि म्हणाली, “कडी कुठे आहेत?” दुसरीही तेच म्हणाली. गोळा स्वच्छ दिसत होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना सुई टोचावी तशी एक बारीक रेघ होती, आणि शेजारी एक ठिपका. तो ठिपका म्हणजे टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. कड्यांचा मात्र पत्ता नव्हता.

दाखविणाऱ्या मुलाने मग ताट मागविले. डब्याचे झाकण मिळाले, ते त्याने आधी तिरपे धरले. “आता किती रुंद दिसते?” मग ते डोळ्यासमोर अगदी आडवे धरले. “आता?” नुसती कड दिसत होती. शनीची कडी लाखो किलोमीटर पसरलेली आहेत, पण जाडीला बहुतेक ठिकाणी काही मीटर ते काही दहा मीटरच. बर्फाच्या आणि दगडांच्या लहानमोठ्या तुकड्यांची ती बनलेली आहेत. सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या फेऱ्यात दोनदा, म्हणजे दर चौदापंधरा वर्षांनी, ती आपल्याकडे अशी कड करतात. २०२५ च्या मार्चमध्ये ती बरोबर आडवी झाली होती, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा जवळजवळ तशीच आली होती. आता ती दर वर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पुरती रुंद दिसतील. गॅलिलिओने १६१० मध्ये आपल्या लहान दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना कानांसारखे काहीतरी दिसले. १६१२ मध्ये ते कान नाहीसे झाले आणि तो पुरता गोंधळात पडला. ती कडी आहेत, हे कोडे हायगेन्सने १६५५ नंतरच्या काही वर्षांत उलगडले. गॅलिलिओला जे पाहून नवल वाटले, तेच पाहून आमच्या चौदा जणी बुचकळ्यात पडल्या होत्या. “मग आपण काही वाईट वेळी आलो नाही,” असे त्या शिडी चढणाऱ्या आजी म्हणाल्या. “रुंद कडी सगळेच पाहतात. मिटलेली कोणी पाहिली?”

आणखी एक गोष्ट तिथे पाहिली, ती कोणी दाखविली नाही, आपोआप दिसली. एकीने डोळा लावला की शनी मधोमध असे; दुसरी येईपर्यंत तो कडेला सरके, आणि तिसरीच्या वेळी दिसेनासा होई. मुलगा नळीला हलकेच धक्का देऊन त्याला पुन्हा मधे आणी. “शनी इतका पळतो?” असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “शनी नाही पळत. तुम्ही पळताय. ही गच्ची, हे पुणे, आपण सारे पृथ्वीबरोबर फिरतो आहोत. दुर्बिणीला ते लपविता येत नाही.” पृथ्वी फिरते हे शाळेत सगळ्यांनी पाठ केले होते. त्या रात्री आम्हांला ती फिरताना दिसली.

भगिनींनो, आता जे बोलणार आहे ते थोडे नाजूक आहे. पण त्याकरताच मी आज उभी राहिले आहे. आमच्याबरोबर एक नवी सून होती. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. लग्नाला वर्ष व्हायचे होते. पंचांगाप्रमाणे २०२५ च्या मार्चअखेर शनी मीन राशीत गेला, म्हणून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती आहे. तिच्या यजमानांची रास कुंभ. त्यातच कांद्याचा भाव पडला. चाळीतला कांदा सडला. घरात बोलणे सुरू झाले, की आधीच साडेसाती आणि त्यात ही पांढऱ्या पायाची आली. पोर उलट बोलणारी नव्हती. मान खाली घालून सारे ऐकत होती.

तिने शनी पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्या मुलाला विचारले, “हा इथून किती लांब आहे?” तो म्हणाला, “आज एकशे पस्तीस कोटी किलोमीटरांच्या वर. आता तुमच्या डोळ्यात जो उजेड शिरला, तो सव्वा तासापूर्वी तिथून निघाला आहे.” ती शिडी उतरली आणि आम्हांला म्हणाली, “एवढ्या लांबून त्याला आमची कांद्याची चाळ दिसत तरी असेल का?” आम्ही हसलो, तीही हसली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती, असे तिच्या सासूबाईंनीच मागून सांगितले. हो, त्या सासूबाईही आमच्यात होत्या. त्यांनीही शनी पाहिला होता.

साडेसातीचा हिशेब आपण नीट मांडून पाहू. शनीला सूर्याभोवती एक फेरा पुरा करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्याचे जुने नाव शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा. आपल्या पूर्वजांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून हे बरोबर ओळखले होते. बारा राशींत साडेएकोणतीस वर्षे वाटली तर एका राशीला सुमारे अडीच वर्षे येतात. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून तीन राशी, म्हणजे साडेसात वर्षे. साडेसातीतले ‘साडेसात’ असे आले. ते ग्रहाच्या चालीचे गणित आहे, आणि गणित म्हणून ते चोख आहे. पण त्याच गणितातून दुसरी गोष्टही निघते. बारांपैकी तीन राशींना साडेसाती सदा चालूच असते. म्हणजे चार माणसांत सुमारे एकाला. आपल्या बाजारात शंभर शेतकरी कांदा घेऊन आले, तर त्यांतल्या पंचवीसेक जणांना साडेसाती असणार आणि पंचाहत्तरांना नसणार. भाव पडतो तो शंभरांचाही पडतो. लिलावाच्या वेळी कोणी व्यापारी पत्रिका मागत नाही. मग एका घरच्या कांद्याचा दोष त्या घरच्या सुनेच्या पायाला का लागावा?

माझे म्हणणे कोणाच्या श्रद्धेच्या आड येणारे नाही. शिंगणापूर आपल्या शेजारी आहे. घरांना कड्याकोयंडे न लावण्याची तिथली रीत दूरदूरचे लोक नवलाने पाहायला येतात. आपण तेल वाहतो, नमस्कार करतो. तो करू नये असे मी म्हणत नाही. आपल्याच तालुक्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. श्रद्धेने डोळे मिटावे लागतात असे इथल्या मातीने आपल्याला शिकविलेले नाही. माझे मागणे एवढेच आहे, की देवाला नमस्कार करावा आणि ग्रह डोळ्यांनी पाहावा. आणि कोणाच्याही लेकीला त्या ग्रहाच्या नावाने बोल लावू नये. लग्न जमविताना मंगळाचेही तसेच. मंगळ हा तांबूस रंगाचा एक लहान ग्रह आहे, पृथ्वीच्या साधारण निम्म्या रुंदीचा. आपल्याच देशाचे यान २०१४ साली त्याच्याभोवती जाऊन पोचले, आणि त्या कामात कितीतरी स्त्रिया होत्या. तिकडे आपल्या लेकी यान धाडतात, आणि इकडे त्याच मंगळापायी आपल्या लेकींची स्थळे परत जातात. हे आपल्याला शोभत नाही.

आकाश पाहणे हे पुरुषांचे काम, असेही कोणाला वाटू नये. कॅरोलाइन हर्शेल ही अडीचशे वर्षांपूर्वीची बाई. तिचा भाऊ विल्यम दुर्बिणीचा आरसा घाशीत तासन्‌तास बसे. हात काढला तर आरसा बिघडेल म्हणून ती त्याला घास भरवी. ते करता करता ती स्वतः दुर्बीण चालवायला शिकली. १७८६ मध्ये तिने आपला पहिला धूमकेतू शोधला, आणि पुढच्या वर्षापासून इंग्लंडच्या राजाने तिला या कामाचा पगार सुरू केला. दुसरी बाई तर आपल्या महाराष्ट्रातच येऊन गेली. २२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. ते पाहायला देशोदेशीचे ज्योतिषी आले. काही जण करमाळा तालुक्यातल्या जेऊरला उतरले. पुण्याच्या नायगमवाल्यांचा तळही तिथेच होता. ऐकून आपल्या नगर रस्त्यावरचे जेऊर वाटेल, पण ते हे नव्हे. काही मंडळी विदर्भात तळणीला गेली. त्यांत ॲनी माँडर होती. ग्रीनिचच्या वेधशाळेत ती गणिताचे काम करीत असे. १८९५ मध्ये लग्न झाले म्हणून तिला ती नोकरी सोडावी लागली. नोकरी गेली तरी तिने आकाश सोडले नाही. तळणीला तिने लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा जो फोटो घेतला, त्यात प्रभेचा एक झोत इतका लांब उमटला, की तोवर तितका लांब कोणाच्याच फोटोत आला नव्हता. मोठमोठ्या यंत्रांना जे साधले नाही, ते आपल्या वऱ्हाडच्या आकाशाखाली एका बाईच्या लहान कॅमेऱ्याला साधले.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येते. दुर्बीण त्यांच्याकडे आहे, आकाश आपल्याकडे आहे. शहराच्या दिव्यांत आकाशगंगा दिसत नाही. आपल्याकडे मळ्यातल्या वस्तीवर, अमावास्येच्या आगेमागे, ती अजून दिसते. तेव्हा मंडळापुढे मी तीन सूचना मांडते.

पहिली. दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीला, आकाश स्वच्छ असेल तेव्हा, जेवणे झाल्यावर तासभर आपण एखाद्या मोठ्या गच्चीवर जमावे. अष्टमीला चंद्र अर्धा असतो, संध्याकाळीच वर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो; त्यामुळे चंद्रही पाहता येतो आणि कोणाला फार जागावे लागत नाही. सतरंजी, पाण्याची कळशी आणि लाल कागद लावलेला दिवा, एवढी तयारी पुरे. मुलींना अवश्य आणावे. मुलग्यांनाही मनाई नाही.

दुसरी. दुर्बीण घेण्याची घाई करू नये. आधी मंडळाच्या शिलकीतून एक चांगली जोडदुर्बीण, जिला बायनॉक्युलर म्हणतात, ती घ्यावी. तिच्यातून चंद्राचे खळगे, कृत्तिकांचा पुंजका आणि गुरूचे चंद्र दिसतात. हात कापतो म्हणून ती भिंतीवर किंवा खांबाला टेकवून धरावी. शनीच्या कड्यांना मात्र दुर्बीणच लागते. वर्षभर मंडळी नेमाने जमली, तर पुढच्या वर्धापनदिनाला लहान दुर्बिणीसाठी वर्गणी काढू. सूर्याकडे मात्र ही यंत्रे चुकूनही वळवू नयेत. क्षणात डोळा जातो. हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

तिसरी सूचना खर्चाची नाही. शनी ज्या दिवशी सूर्याच्या बरोबर समोर येतो, त्या दिवशी तो संध्याकाळी उगवतो आणि रात्रभर दिसतो. २०२६ मध्ये तो योग ४ ऑक्टोबरला आहे. नंतर दर वर्षी सुमारे दोन आठवडे पुढे सरकत तो येत राहील. त्या सुमारास मंडळाने शाळेच्या पटांगणावर शनिदर्शनाचा कार्यक्रम ठेवावा. पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या आकाशनिरीक्षक मंडळींना दुर्बीण घेऊन येण्याची विनंती करावी. शिंगणापूरच्या वाटेवरचे आपले गाव. शनीचे असेही दर्शन इथे घडते, हे चार लोकांना कळू द्यावे. आणि त्या रांगेत ज्या घरी साडेसाती म्हणून सुनेला बोल लागतो, त्या घरची माणसे आधी उभी करावीत. भाषणाने जे समजत नाही, ते कधी कधी डोळा लावल्यावर समजते.

जाता जाता त्या नव्या सुनेची बातमी सांगते, म्हणजे आपल्याला हुरहूर राहणार नाही. कांद्याचा भाव अजून काही फारसा सुधारलेला नाही. पण त्या घरी आता ‘पांढरा पाय’ हा शब्द निघत नाही, निघाला तर सासूबाईच म्हणतात, “पुरे. मी पाहिलाय त्याला. तो त्याच्या वाटेने चाललाय.” सहलीचा खर्च माणशी किती आला याचा तपशील चिटणीसबाईंनी अहवालात दिलाच आहे. मिळकतीचा हा एवढा रकाना त्यांच्या वहीत नव्हता, तो मी आज भरला.